घरच्या संगणकाचे वहीपूजन

दिवाळी आठ दिवसांवर आली, की आमच्या घरात एकच प्रश्न दिवसभर घुमत असतो : "हे टाकायचं का?" माळ्यावर चढलेले आमचे हे तो प्रश्न विचारतात, खाली स्टूल धरून उभी असलेली मी "राहू द्या" म्हणते, आणि पंख्याचे मोडके पाते, लग्नातली रिकामी सूटकेस, चिरंजीवांची बालवाडीतली पाटी अशी सगळी संपत्ती पुन्हा एका वर्षासाठी वर जाते. वाचकहो, आपल्याकडेही थोड्याफार फरकाने हाच देखावा असणार.

२०२१ च्या दिवाळीत मात्र हा प्रश्न विचारला जाण्यापूर्वीच एक वस्तू वरून खाली आली. तळहातावर मावेल एवढी, काळी, चपटी. कोणाचा हात लागू नये म्हणून जुन्या रुमालात गुंडाळून मीच ती माळ्यावर ठेवली होती. रुमाल ह्यांच्या हातात राहिला आणि वस्तू फरशीवर पडली. संगणकाला बाहेरून जोडतात ती हार्ड डिस्क होती ती.

तिच्यात काय होते ते सांगते. गेली कित्येक वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवते. ओवी हा विषय दरवर्षी वर्गात येतो, आणि दरवर्षी मी तो छापील पुस्तकातून शिकवीत आले. माझी आई वाई तालुक्यातल्या एका खेड्यात वाढली. लहानपणी ती पहाटे जात्यावर बसली होती. तिला कितीतरी ओव्या पाठ होत्या. पण त्या उतरवून घ्याव्यात हे मला सुचले ते २०१६ च्या मे महिन्यात. त्या सुट्टीत अकरा दिवस रोज दुपारी ती गात गेली आणि मी ध्वनिमुद्रण करीत गेले. एकशे बारा ओव्या झाल्या. मध्येच ती थांबायची, "पुरे ग आता, दूध उतू जाईल," म्हणायची. तेही सारे त्यात आले होते. २०१९ साली आई गेली. पुढे लॅपटॉप भरला, नवीन काही मावेना, तेव्हा मी ते सगळे या डिस्कवर हलविले आणि लॅपटॉपवरचे पुसून टाकले. आपण प्रत काढून ठेवली, अशा समाधानात मी होते. खरे म्हणजे मी प्रत काढली नव्हती. नुसते बिऱ्हाड हलविले होते.

डिस्क पडल्यावर मी ती लॅपटॉपला लावून पाहिली. आतून टक्-टक् असा आवाज आला. काढली, पुन्हा लावली. पुन्हा तोच आवाज. शेवटी एका दुरुस्तीच्या दुकानात नेली. तिथल्या तरुण मुलाने ती कानाशी धरली आणि विचारले, "मॅडम, पडल्यानंतर किती वेळा लावून बघितलीत?" मी म्हटले, "सात-आठ वेळा." तो काही बोलला नाही. चार दिवसांनी त्याने ती एक पैसाही न घेता परत केली.

माझ्याजवळ चाळीस ओव्यांचे शब्द वहीत लिहिलेले होते, ते राहिले. आवाज गेला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी अनेक सहकाऱ्यांसह जमविलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात जतन झालेल्या आहेत. तेव्हा ओवी नाहीशी झाली असे म्हणावयाचे कारण नाही. पण त्या लाखभर ओव्यांत दूध उतू जाईल म्हणून उठणारी माझी आई नाही.

सणासुदीला ही रडकथा कशाला, असे कोणी म्हणेल. सांगण्याचे कारण असे, की त्यानंतर मी या विषयात लक्ष घातले आणि माझ्या ध्यानात आले, की घरच्या संगणकाची बहुतेक संकटे यंत्राची नसतातच. ती घरकामातल्या गैरशिस्तीची असतात. आणि त्यांवरचे उपाय आपल्या आजीला ठाऊक होते. फक्त ते डब्या-बरण्यांना लावावयाचे आणि संगणकाला नाही, असा आपला काहीतरी समज झालेला आहे. व्यापारी लोक दिवाळीत वह्यांची पूजा करतात. आपल्या वह्या आता संगणकात आणि मोबाईलमध्ये गेल्या आहेत. त्यांचेही पूजन व्हावयास हवे. त्या वर्षापासून आमच्या घरी दिवाळीच्या एकेका दिवशी संगणकाचे एकेक काम करण्याची पद्धत पडली आहे. रोज अर्धा-पाऊण तास पुरतो. ती पद्धत इथे देते.

वसुबारस : मोजदाद

वसुबारस गाईवासरांची. गोठ्यात किती जनावरे आहेत हे ज्याला सांगता येत नाही, त्याने ती राखायची कशी? म्हणून या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन बसावे आणि घरात काय काय कुठे आहे त्याची यादी करावी. मुलांचे फोटो कोणाच्या मोबाईलमध्ये आहेत? घराचे कागद, विम्याच्या पावत्या, प्राप्तिकराची विवरणपत्रे कुठे आहेत? लग्नाची सीडी कुठे आहे, आणि ती चालवील असे यंत्र घरात उरले आहे का? आमच्याकडे पहिल्या वर्षी ही यादी चार पाने झाली, आणि त्यांतल्या नऊ गोष्टी कुठे आहेत हे कोणालाच सांगता आले नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. वीस वर्षांपूर्वीच्या पुष्कळशा मराठी फाइली त्या काळच्या निरनिराळ्या फॉन्टमध्ये आहेत. त्या फॉन्टांची युक्ती अशी होती, की आत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक ठेवायचे आणि वरून त्यांना देवनागरीचे मुखवटे चढवायचे. मुखवटा हरवला, की आतली निरर्थक इंग्रजी अक्षरे समोर येतात. माझ्या जुन्या टिपणांचे असेच झाले होते. युनिकोडमध्ये मात्र देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे मजकूर कोणत्याही यंत्रावर वाचता येतो. जुना फॉन्ट अजून यंत्रावर आहे तोवरच अशा फाइली युनिकोडमध्ये करून घ्याव्यात. महत्त्वाचा मजकूर असेल तर कागदावरही छापून ठेवावा.

टंकलेखन येत नाही म्हणून जे अडून बसतात, त्यांना इन्स्क्रिप्ट नावाचा कळफलक शिकण्याची मी शिफारस करीन. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतेक उजव्या हाताला आहेत. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ एकाच कळीवर, प आणि फ एकाच कळीवर. आपली वर्णमालाच तिथे मांडलेली आहे. रोज थोडा सराव केला तर महिन्या-दीड महिन्यात हात बसतो.

धनत्रयोदशी : धन आणि आरोग्य

हा दिवस धनाचा, आणि धन्वंतरीचाही. धनाविषयी पहिली गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ असावी : यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. "तुम्हाला पैसे पाठवतो, फक्त पिन टाका," असे कोणी म्हणाले, की फोन ठेवून द्यावा. ओटीपीही तसाच, तो बँकेच्या माणसालासुद्धा सांगावयाचा नसतो, आणि खरा बँकेचा माणूस तो मागत नाही.

दुसरी गोष्ट 'डिजिटल अरेस्ट'ची. असा कोणताही प्रकार भारताच्या कायद्यात नाही. पोलीस, न्यायालय वा चौकशी करणारे खाते कोणालाही व्हिडिओवरून अटक करीत नाही आणि सुटकेसाठी खात्यात पैसे भरावयास सांगत नाही. आमच्या शेजारचे एक निवृत्त आजोबा अशा एका गणवेशधारी गृहस्थासमोर खोलीचे दार लावून तीन तास बसून होते. कोणाला सांगाल तर तुरुंगात जाल, असे त्यांना बजाविले होते. शेवटी आजी दार ढकलून पोह्यांची बशी घेऊन आत गेल्या आणि त्यांनी मोठ्याने विचारले, "अहो, हा कोण मेला सकाळपासून बोलतोय?" त्याबरोबर आजोबा भानावर आले. या फसवणुकीचे सारे बळ माणसाला एकटे पाडण्यात आहे. म्हणून घरात ठरवून टाकावे : पैशाचा आणि भीतीचा फोन आला, की आधी घरातल्या दुसऱ्या माणसाला हाक मारायची. आणि पैसे गेलेच, तर लाजत न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी ते पैसे वाटेत अडविले जाण्याची शक्यता अधिक.

आता धन्वंतरी. पडद्याकडे पाहताना आपल्या पापण्या नेहमीपेक्षा कमी मिटतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची टाकी दिसते, ती आम्ही यासाठी नेमून दिली आहे. पडदा हाताच्या अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी. लॅपटॉप नुसता टेबलावर ठेवला तर मान वाकते. त्याखाली दोन जाड शब्दकोश ठेवावेत आणि वेगळा कळफलक जोडावा. शब्दकोशांचा हा उपयोग मराठीच्या प्राध्यापिकेने सांगू नये, पण मान माझीही दुखते.

नरकचतुर्दशी : साफसफाई

पहाटेचे अभ्यंगस्नान आपले आटोपले, की दुपारी यंत्राचे. आधी ते बंद करून प्लग काढावा. हवा आतबाहेर जाण्याच्या फटी मऊ कुंचल्याने साफ कराव्यात. त्या धुळीने बुजल्या की यंत्र तापते आणि मंदावते. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरल्यासही हेच होते. पडद्यावर फवारा मारू नये. किंचित ओलसर मऊ फडक्याने पुसावा.

मग आतली सफाई. वर्षभरात ज्या ॲपला बोटही लागले नाही ते काढावे. आलेल्या सूचनेप्रमाणे यंत्राच्या सुधारणा, म्हणजे अपडेट, करून घ्यावेत. "मागाहून" हे बटण दाबण्याची आपल्याला सवय झालेली आहे. पण या सुधारणांतली पुष्कळशी मोडलेली कडी-कोयंडे बसविण्याची कामे असतात. ज्यांच्याकडे विंडोज १० आहे त्यांनी लक्षात ठेवावे, की तिची नेहमीची मोफत देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. यंत्र विंडोज ११ पेलू शकत असेल तर ती घ्यावी. नसेल तर लिनक्सची एखादी मोफत प्रणाली, उदाहरणार्थ लिनक्स मिंट, जाणकाराकडून बसवून घ्यावी. पत्रलेखन, हिशेब आणि इंटरनेट यांसाठी जुना संगणक तिच्यावर आणखी काही वर्षे सुखाने काम करील.

एक सूचना पावसाळ्यासाठीही इथेच देऊन ठेवते. वळवाचा गडगडाट सुरू झाला, की नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढावा, आणि इंटरनेटची तांब्याची तार असेल तर तीही काढावी. पावसाळ्यात न लागणारे यंत्रही आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवावे. आतली ओल निघून जाते.

लक्ष्मीपूजन : वहीपूजन

हा मुख्य दिवस. या दिवशी प्रती काढावयाच्या.

हार्ड डिस्क म्हणजे काय हे समजले तर याची निकड पटेल. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनभर होते, आणि एवढ्या अवजड सामानात सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आज मोबाईलवर काढलेल्या एका फोटोला तेवढी जागा सहज लागते. तत्त्व मात्र आजही तेच आहे : तबकडी फिरते आणि तिच्यावरून वाचणारे टोक फिरते. आजच्या लहान डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते आणि टोक तिच्यापासून केसाच्या जाडीच्याही हजारो पटींनी कमी अंतरावर तरंगत असते. धक्क्याने ते टोक बिघडले, की दर वेळी सुरू केल्यावर ते तबकडी खरवडीत जाते. माझ्या सात-आठ प्रयत्नांचा अर्थ तो होता. म्हणून हे लक्षात असू द्यावे : पडलेल्या डिस्कमधून टक्-टक् आवाज आला, की ती तत्क्षणी काढावी आणि पुन्हा लावू नये. जाणकाराच्या हाती तशीच द्यावी.

नव्या एसएसडीत फिरणारे काही नसते, त्या धक्का सोसतात. पण त्याही एक दिवस सूचना न देता बंद पडतात, आणि वर्षानुवर्षे विजेवाचून कपाटात पडून राहिल्यास त्यांतला मजकूर उडू शकतो. पेन ड्राइव्हचेही तसेच. सीडीला आपल्या दमट हवेत बुरशी धरते. सांगावयाचे एवढेच, की टिकाऊ असे काहीच नाही. टिकते ती प्रत, आणि तीही एकाहून अधिक असेल तर.

आमच्या मराठी वाङ्मयाच्या इतिहासात याचा मोठा धडा आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी अपार कष्टाने चक्रधरस्वामींच्या लीळा जमवून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पुढे परचक्राच्या धामधुमीत ती मूळ पोथी गेली. हिराइसेसारख्या शिष्यांच्या स्मरणात त्या लीळा होत्या, म्हणून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. पण आठवणीतून उभा राहिल्यामुळे त्याचे निरनिराळे पाठ झाले. मूळ अक्षरे कोणती, हा प्रश्न आम्ही अजून चर्चीत बसतो. आपल्या घरी हिराइसा नाही. आपल्या मुलांना आपले फोन नंबरसुद्धा पाठ नाहीत.

तर नियम असा. तो पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकारांनी रूढ केला आणि जगभर मान्य झालेला आहे : प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. आजीच्या भाषेत सांगायचे तर लोणचे. रोजच्या वापराची लहान बरणी ओट्यावर, दादरा बांधलेली मोठी बरणी फडताळात, आणि एक बरणी लेकीच्या सासरी. घरात काही झाले तरी लेकीकडचे शाबूत.

पहिली प्रत म्हणजे आपण रोज वापरतो ती. दुसरी बाहेरच्या डिस्कवर काढावी, आणि काढून झाल्यावर डिस्क संगणकापासून वेगळी करावी. ती सदैव जोडून ठेवणे बरे नव्हे. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या उपद्रवाने जगभरच्या संगणकांतल्या फाइलींना कुलपे घातली आणि किल्लीसाठी खंडणी मागितली. असा उपद्रव शिरला, की जोडून ठेवलेल्या डिस्कलाही सोडत नाही. तिसऱ्या, घराबाहेरच्या प्रतीविषयी भाऊबीजेच्या दिवशी सांगेन.

पुष्कळजण म्हणतात, "आमचे सगळे क्लाऊडवर असते." क्लाऊड म्हणजे काही आकाश नव्हे; दुसऱ्या कोणाच्या इमारतीतला संगणक. ती सोय चांगलीच आहे. परंतु पुष्कळदा ती प्रत नसते, सावली असते. आपण हात वर केला की सावली हात वर करते. आपण मोबाईलवरचा फोटो पुसला की तिथलाही पुसला जातो. कचरापेटीतून तो परत मिळतो, पण गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत तीसच दिवस. म्हणून क्लाऊड असला तरी हातात धरता येईल अशी एक प्रत घरी हवीच.

शेवटी, प्रत काढली एवढ्यावर थांबू नये. ती उघडून पाहावी. एक फोटो, एक कागद, एक ध्वनिमुद्रण, एवढे उघडले तरी पुरे. डिस्कवर चिकटपट्टी लावून तारीख लिहावी. मग ती पूजेच्या पाटावर, वहीच्या शेजारी ठेवावी. पहिल्या वर्षी सासूबाईंनी विचारले, "हळदकुंकू हिच्यावर वाहायचं का?" मी म्हटले, "बोट लावा, आई, पण सांडू नका."

पाडवा : किल्ल्यांची वाटणी

पाडव्याला पत्नी पतीला ओवाळते आणि तो तिला काहीतरी देतो. माझी विनंती अशी, की या पाडव्याला दोघांनी एकमेकांना पासवर्ड द्यावेत.

एका परिचित कुटुंबातले कर्ते गृहस्थ दोन वर्षांपूर्वी अकस्मात गेले. विजेचे बिल, विमा, मुलीची फी, सगळे ते मोबाईलवरून करीत. मोबाईलचे कुलूप त्यांच्या बोटाचे. दुःखाच्या त्या दिवसांत त्यांच्या पत्नीला बाराव्याच्या आधीपासून एकेका कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. पैसे होते, कागद होते, किल्ली नव्हती.

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. कुलूप इतके पक्के बसले, की पंथाबाहेरच्या मराठी वाचकांना ते ग्रंथ शतकानुशतके वाचताच आले नाहीत. इतिहासाचार्य राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीने विसाव्या शतकाच्या आरंभी तो उलगडा झाला. आपल्या विजेच्या बिलासाठी इतिहासाचार्य येणार नाहीत. म्हणून कुलूप पक्के लावावे, पण किल्ली कोणाकडे आहे हे घरात ठरलेले असावे.

पासवर्ड लांब असावा आणि प्रत्येक महत्त्वाच्या खात्याचा वेगळा असावा. मुलाचे नाव आणि जन्मसाल हा पासवर्ड नव्हे; ती दारावरची पाटी झाली. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडावेत. विळी, पंचांग, टमटम, पागोळी असे काहीही. (हेच चार घेऊ नयेत, ते आता छापून आले.) जमेल तिथे दुहेरी पडताळणी सुरू करावी. आणि हे सगळे एका वहीत हाताने लिहून ती वही कपाटात, दागिन्यांच्या शेजारी ठेवावी. वहीत लिहू नये असे पूर्वी सांगत असत. पण दूरदेशी बसलेला चोर आपले कपाट उघडू शकत नाही. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवणे मात्र नको. बँकेचे पिन या वहीतही लिहू नयेत. खात्यांना वारसाचे नाव लावलेले आहे ना, तेवढे पाहून घ्यावे.

गूगलच्या खात्यात 'इनॲक्टिव्ह अकाऊंट मॅनेजर' नावाची सोय आहे. खाते ठराविक महिने वापरले गेले नाही, तर कोणाला कळवायचे आणि काय द्यायचे हे त्यात आधीच नेमता येते. आयफोनवाल्यांना 'लेगसी कॉन्टॅक्ट' आहे. दोन्ही कामे दहा मिनिटांची आहेत. आणि घरातले कोणी गेले असेल व त्यांचे फोटो गूगलच्या खात्यात असतील, तर वेळीच उतरवून घ्यावेत. दोन वर्षे न वापरलेली खाती गूगल पुसून टाकू शकते.

भाऊबीज : घराबाहेरची प्रत

डिस्क गेली त्या वर्षी भाऊबीजेला मी कोल्हापूरला दादाकडे गेले. ओवाळून झाल्यावर त्याला सगळे सांगितले. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मला एकदा तरी पाठवायच्या होत्यास ग." खरे होते. पाच वर्षे मी त्या ओव्या, अभ्यासाचे साहित्य म्हणून, एकटीने जपून ठेवल्या होत्या. मागितल्या असत्या तर दिल्या असत्या; पण तो मागेपर्यंत मी थांबले, आणि त्याला वाटले ताई देईल तेव्हा देईल.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला मावशीकडे मुक्काम केला. पहाटे पाच वाजता अंधारात आईचा आवाज आला. मी ताडकन उठून बसले. मावशीच्या उशाशी मोबाईल वाजत होता. २०१८ साली तिने फार आग्रह केला म्हणून मी तिला तीन ओव्या पाठविल्या होत्या. पाठविल्याचे मी पार विसरले होते. तिच्या नातवाने त्या गजराला लावून दिल्या होत्या. मधल्या काळात तिचा फोन बदलला तेव्हाही, "माझा गजर पहिला घाल, मग बाकीचं," म्हणून ती अडून बसली होती. तीन वर्षे रोज पहाटे माझी आई तिला उठवीत होती. मी जे माळ्यावर जपून ठेवले ते गेले. मावशीने जे रोज वापरले ते राहिले.

एकशे बारांतल्या त्या तीन. त्यांतली एक दिवाळीला माहेरी नेण्यासाठी येणाऱ्या भावाची आहे. दूध उतू जाण्याचे मात्र तीत नाही.

तेव्हापासून आमच्या भाऊबीजेला एक नवी ओवाळणी निघाली आहे. मी दादाला माझ्या घरच्या सगळ्या फोटोंची, कागदांची आणि त्या तीन ओव्यांची डिस्क देते. तो त्याच्या घरची मला देतो. दोन्ही डिस्कांना पासवर्डचे कुलूप घातलेले असते. गेल्या वर्षीची परत आणायची, नवी ठेवायची. खर्च एकदाच आला, दोन डिस्कांचा. पुण्याच्या घराला काही झाले तर कोल्हापूरला प्रत आहे. कोल्हापूरला पूर आला तर पुण्याला आहे. ज्यांना भाऊ नाही त्यांनी बहिणीशी, मैत्रिणीशी वा विश्वासू शेजाऱ्याशी हा व्यवहार करावा. परदेशी मुले असतील तर ती दिवाळीला येतील तेव्हा त्यांच्या सामानात चकलीच्या डब्याशेजारी ही चपटी डबीही द्यावी.

वाचकहो, आपल्या घरी आई-वडील असतील, आजी-आजोबा असतील, त्यांना फराळ झाल्यावर जवळ बसवून काहीतरी बोलावयास लावा. ओवीच हवी असे नाही. अनारसे का फसतात हे सांगितले तरी चालेल. मोबाईलवर ते मुद्रित करा, आणि त्याच दिवशी घरातल्या आणखी दोघांना पाठवा. नंतर करू म्हणू नका. मग पुढल्या वर्षी माळ्यावरून काय खाली पडले याची तुम्हाला फिकीर करावी लागणार नाही.

ही दिवाळी आपणां सर्वांना सुखाची जावो.